थांबलेला हंगाम पुन्हा उभा करताना: युरोपियन टूर, २०२० (प्रकरण अभ्यास)

प्रकरणाची व्याप्ती

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे युरोपातील पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फचा हंगाम ऐन भरात असताना थांबला आणि चार महिन्यांनी अगदी वेगळ्या रूपात पुन्हा सुरू झाला. हा बदल कोणत्या निर्णयांमधून घडला, त्या निर्णयांचा लाभ कोणाला झाला आणि त्यांची किंमत कोणी मोजली, हे या प्रकरणात मांडले आहे. संघटना, स्पर्धा आणि विजेते यांची नावे सर्वज्ञात असल्याने ती दिली आहेत. निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांचा उल्लेख मात्र पदानेच केला आहे, कारण येथे तपासायचे आहेत ते निर्णय, माणसे नव्हेत.

पार्श्वभूमी

युरोपियन टूर ही मुळात खेळाडू-सभासदांची संघटना आहे. तिचे मुख्यालय लंडनच्या नैर्ऋत्येला वेंटवर्थ येथे आहे आणि तिची परंपरा १९७२ च्या हंगामापासून मोजली जाते. नावात युरोप असला तरी २०२० पर्यंत तिचे वेळापत्रक दक्षिण आफ्रिका, मॉरिशस, ऑस्ट्रेलिया, आखाती देश, भारत, मलेशिया आणि चीन असे पसरलेले होते. युरोपात हिवाळा असतो तेव्हा टूर उष्ण प्रदेशांत खेळते आणि मे महिन्यापासून घरी परतते, हा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. दर आठवड्याला नवा देश, नवे मैदान आणि नवा प्रायोजक ही तिची ओळख होती. साथीच्या काळात नेमकी हीच ओळख तिच्या मुळावर आली.

२०२० चा हंगाम २८ नोव्हेंबर २०१९ रोजी दक्षिण आफ्रिकेतील लेपर्ड क्रीक मैदानावर सुरू झाला आणि ती पहिली स्पर्धा स्पेनच्या पाब्लो लाराझाबालने जिंकली. जानेवारीत अबू धाबीत ली वेस्टवूड, त्यानंतर दुबईत ऑस्ट्रेलियाचा लुकास हर्बर्ट आणि सौदी अरेबियात ग्रॅम मॅकडॉवेल विजयी झाले. १ मार्चला ओमानमध्ये फिनलंडचा नवखा सामी व्हालिमाकी जिंकला. ८ मार्चला दोह्यात स्पेनचा होर्हे काम्पियो आणि स्कॉटलंडचा डेव्हिड ड्रायस्डेल यांची बरोबरी झाली आणि प्लेऑफच्या (बरोबरी सोडवण्यासाठीच्या जादा खेळाच्या) पाचव्या होलवर काम्पियोने स्पर्धा जिंकली. पुढच्या आठवड्यात केनियात आणि त्यानंतर गुरुग्राममध्ये इंडियन ओपन व्हायची होती. मलेशिया आणि चीनमधील एप्रिलच्या स्पर्धा फेब्रुवारीतच लांबणीवर पडल्या होत्या. आता केनिया आणि भारत येथील स्पर्धाही थांबल्या आणि दोह्यानंतर टूर चार महिने बंद राहिली.

पुढचे निर्णय समजून घेण्यासाठी या खेळाचे अर्थकारण थोडे पाहावे लागेल. व्यावसायिक गोल्फपटूला पगार नसतो. विमानप्रवास, हॉटेल, कॅडीचे (बॅग वाहणाऱ्या मदतनीसाचे) मानधन, प्रशिक्षकाची फी हा सगळा खर्च त्याचा स्वतःचा असतो. गुरुवार-शुक्रवारच्या दोन फेऱ्यांनंतर कट लागतो. पहिले पासष्ट आणि पासष्टाव्या स्थानी बरोबरीत असलेले खेळाडू शनिवार-रविवारी खेळतात आणि बक्षिसाच्या रकमेत वाटेकरी होतात. बाकीचे शुक्रवारी संध्याकाळी सामान आवरतात आणि त्या आठवड्याची त्यांची कमाई शून्य असते. हंगामाच्या शेवटी क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असणाऱ्यांचे 'कार्ड', म्हणजे पुढच्या वर्षी टूरवर खेळण्याचा हक्क, कायम राहते. ज्यांचे कार्ड जाते त्यांना आणि बाहेरून येऊ पाहणाऱ्यांना मुख्यतः दोन वाटा होत्या: एक तर चॅलेंज टूर ही दुय्यम मालिका, नाही तर वर्षाअखेरीची, टप्प्याटप्प्याने होणारी आणि सहा फेऱ्यांच्या अंतिम कसोटीने संपणारी पात्रता स्पर्धा.

त्यामुळे स्पर्धा थांबल्या म्हणजे केवळ बक्षिसे थांबली असे नव्हते. कोणाच्या हातात कार्ड राहणार आणि कोणाच्या नाही, हे ठरवणारी मोजपट्टीच थांबली होती.

समस्या

एप्रिल ते जुलै या काळात टूरसमोर तीन वेगवेगळ्या अडचणी होत्या, आणि त्या एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की एक सोडवायला गेले की दुसरी घट्ट होत असे.

पहिली अडचण सीमांची होती. अमेरिकेतील पीजीए टूर ११ जूनला टेक्सासमध्ये पुन्हा सुरू झाली, कारण तिचे खेळाडू, मैदाने आणि प्रायोजक बहुतांशी एकाच देशात होते. युरोपियन टूरला मात्र डझनभर देशांचे नियम सांभाळायचे होते आणि ते नियम आठवड्यागणिक बदलत होते. इंग्लंडमधील मैदाने १३ मे रोजी सामान्य खेळाडूंसाठी उघडली, पण ८ जूनपासून ब्रिटनमध्ये येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला चौदा दिवसांचे विलगीकरण सक्तीचे झाले. स्पेन, फ्रान्स किंवा डेन्मार्कहून येणाऱ्या खेळाडूला एका स्पर्धेसाठी तीन आठवडे द्यावे लागणार असतील तर ती स्पर्धा व्यवहारात होऊच शकत नव्हती.

दुसरी अडचण पैशाची. टूरच्या बहुतेक स्पर्धांमागे एखादी कंपनी, एखादे पर्यटन मंडळ किंवा एखादा मैदानमालक उभा असतो. प्रेक्षक नाहीत, पाहुण्यांचे तंबू नाहीत, पर्यटकही येणार नाहीत, अशा परिस्थितीत यांपैकी अनेकांनी माघार घेणे स्वाभाविक होते. फ्रेंच ओपन, म्युनिकमधील बीएमडब्ल्यू इंटरनॅशनल, डच ओपन, स्वित्झर्लंडमधील क्रान्स-मोंताना येथील युरोपियन मास्टर्स, मोरोक्को आणि तुर्कस्तान येथील स्पर्धा आणि स्कॉटलंडमधील डनहिल लिंक्स एकामागून एक रद्द होत गेल्या. ६ एप्रिलला रॉयल सेंट जॉर्जेस मैदानावरची द ओपन (ब्रिटिश ओपन) ही स्पर्धाही रद्द झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती रद्द होण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यातच ८ जुलैला रायडर कप, म्हणजे युरोप आणि अमेरिका यांच्यातील, दर दोन वर्षांनी आळीपाळीने दोन्हीकडे होणारा सांघिक सामना, एका वर्षाने पुढे ढकलला गेला. तो अमेरिकेत व्हायचा असल्याने वरवर पाहता युरोपचे नुकसान मोठे वाटत नाही. परंतु युरोपियन टूरच्या तिजोरीत खरी भर पडते ती रायडर कप युरोपात होतो त्या वर्षी, आणि त्या व्यवसायात टूरचा साठ टक्के वाटा आहे. २०२० चा कप २०२१ मध्ये गेला, म्हणून रोमचा २०२२ चा कप २०२३ मध्ये गेला. येणारे मोठे उत्पन्न वर्षभर लांबले, आणि तेही हातात रोख रकमेची सर्वाधिक निकड असताना.

तिसरी अडचण न्यायाची होती, आणि माझ्या मते सर्वांत अवघड हीच होती. मार्चपर्यंत काहींच्या खात्यात भरपूर गुण जमले होते. काहींनी मात्र आपला हंगाम मुद्दामच मे महिन्यानंतर, घराजवळच्या स्पर्धांसाठी राखून ठेवला होता. अशा अर्धवट क्रमवारीवर कोणाचे कार्ड काढून घेणे योग्य ठरले असते का? आणि कोणाचेच काढून घ्यायचे नाही असे ठरले, तर बाहेर उभ्या असलेल्यांना जागा कोठून मिळणार?

समोरचे पर्याय

पहिला पर्याय हंगाम तेथेच संपवून २०२१ मध्ये नव्याने सुरुवात करण्याचा होता. यात खर्च सर्वांत कमी आणि आरोग्याचा धोका जवळपास नव्हताच. पण या वाटेने गेल्यास काय होते, याचे उदाहरण शेजारीच घडले. मार्च २०२० मध्ये मलेशियात थांबलेली एशियन टूर थेट नोव्हेंबर २०२१ मध्ये, थायलंडमधील फुकेत येथे पुन्हा सुरू झाली. जवळपास वीस महिने तिच्या खेळाडूंना, आणि त्यात भारतीय खेळाडू मोठ्या संख्येने आहेत, आपल्या मुख्य मालिकेवर एकही आठवडा मिळाला नाही. एशियन टूरकडे पर्याय कमी होते, हे मान्यच करायला हवे. ज्या संघटनेकडे पर्याय होते तिने ही वाट धरली नाही, याचे महत्त्व त्यामुळे अधिक जाणवते.

दुसरा पर्याय थांबण्याचा होता: शरद ऋतूपर्यंत वाट पाहायची, प्रायोजक परतले की मोजक्याच पण पूर्ण बक्षिसांच्या स्पर्धा घ्यायच्या. वरच्या फळीतील खेळाडूंना हे सोयीचे ठरले असते. पण अशा स्पर्धांमध्ये जागा मोजक्या असतात आणि त्या क्रमवारीतल्या वरच्यांनाच मिळतात. क्रमवारीत शंभराच्या आसपास असणाऱ्याला, ज्याच्या बँकेत बहुधा तीन-चार महिन्यांचाच खर्च असतो, अशा वेळापत्रकात कदाचित दोन-तीन आठवडेच खेळायला मिळाले असते.

तिसरा पर्याय प्रवासच कमी करण्याचा होता. एप्रिलमध्ये मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी खेळाडूंना पाठवलेल्या पत्रात एकाच ठिकाणी लागोपाठ स्पर्धा, एकाच आठवड्यात दोन किंवा दोन आठवड्यांत तीन स्पर्धा, अशा कल्पना मांडलेल्या होत्या. बक्षिसे घटतील आणि खेळाडूंसाठीचे आलिशान विश्रांतीकक्ष किंवा ने-आण करणाऱ्या गाड्या बहुधा नसतील, हेही त्याच पत्रात स्पष्ट सांगितले होते. पत्राचा सूर काहींना कठोर वाटला असेल, पण तो प्रामाणिक होता. वाईट बातमी तीन महिने आधी आणि लेखी दिल्यामुळे जुलैत मैदानावर आलेल्या खेळाडूला काय मिळेल आणि काय मिळणार नाही, याची पूर्ण कल्पना होती.

टूरने तिसरा पर्याय स्वीकारला.

प्रत्यक्ष कृती

२८ मे रोजी नवे वेळापत्रक जाहीर झाले. त्याचा कणा म्हणजे ब्रिटनमधील सलग सहा स्पर्धा: न्यूकॅसलजवळ क्लोज हाऊस येथे ब्रिटिश मास्टर्स, बर्मिंगहॅमजवळ फॉरेस्ट ऑफ आर्डनवर हिरो ओपन, हर्टफर्डशायरमध्ये हॅनबरी मॅनरवर इंग्लिश चॅम्पियनशिप, वेल्समध्ये सेल्टिक मॅनर या एकाच ठिकाणी दोन स्पर्धा आणि शेवटी द बेलफ्री येथे यूके चॅम्पियनशिप. प्रत्येक स्पर्धेचे बक्षीस साधारण दहा लाख युरोच्या घरात होते. वेंटवर्थच्या पीजीए चॅम्पियनशिपचे बक्षीस आदल्या वर्षी सत्तर लाख डॉलर होते, हे लक्षात घेतले तर ही घट किती मोठी होती ते कळते. मैदाने निवडताना निकष सौंदर्याचा किंवा इतिहासाचा ठेवला नव्हता. आवारातच किंवा अगदी लगत मोठे हॉटेल हवे, म्हणजे खेळाडू, कॅडी, पंच आणि प्रक्षेपणाचे कर्मचारी बाहेरच्या जगाशी संपर्क न ठेवता आठवडाभर राहू शकतील, हा मुख्य निकष होता. क्रिकेटमुळे आपल्याला परिचित झालेल्या बायो-बबलची हीच गोल्फमधील आवृत्ती होती. निघण्यापूर्वी चाचणी, पोहोचल्यावर चाचणी, रोज तापमान आणि लक्षणांची प्रश्नावली, आणि मैदानावर एकही प्रेक्षक नाही.

यातील एक प्रायोजक भारतीय होता, याची नोंद येथे केली पाहिजे. मार्चमध्ये गुरुग्रामची इंडियन ओपन होऊ शकली नाही. तिला पाठबळ देणाऱ्या हिरो मोटोकॉर्पचे नाव जुलैअखेरीस इंग्लंडमधील एका नव्या स्पर्धेला लागले. ज्या आठवड्यांत युरोपातील जुने प्रायोजक मागे सरत होते, त्या आठवड्यांत दिलेले हे पाठबळ टूरला फार मोलाचे ठरले. इंडियन ओपन स्वतः मात्र त्यानंतर २०२३ पर्यंत झालीच नाही.

ब्रिटनमधल्या मालिकेआधी टूरने एक शहाणपणाचे पाऊल उचलले आणि त्याची पुरेशी दखल घेतली जात नाही. जुलैच्या मध्यात ऑस्ट्रियात, चॅलेंज टूरसोबत संयुक्तपणे, प्रत्येकी पाच लाख युरोंच्या दोन छोट्या स्पर्धा घेतल्या गेल्या. चाचण्या, विलगीकरण, धावफलक, प्रक्षेपण अशा सगळ्या यंत्रणेची रंगीत तालीम तेथे कमी जोखमीत झाली. व्हिएन्नाजवळील आट्झेनब्रुग येथे झालेली पहिली स्पर्धा स्कॉटलंडच्या मार्क वॉरनने जिंकली. त्याच्या कॅडीची चाचणी स्पर्धेपूर्वी सकारात्मक आली होती. नवा कॅडी शोधण्याऐवजी वॉरनने चारही दिवस चौदा काठ्यांची बॅग स्वतःच वाहिली. दर फटक्यानंतर बॅग खांद्यावर घ्यायची, चालायचे, बॅग खाली ठेवायची, अंतर स्वतः काढायचे, वारा स्वतः जोखायचा, फटका मारायचा आणि बंकरमध्ये गेल्यास वाळूही स्वतःच सारखी करायची, असे त्याने अठरा होल, चार वेळा केले. २०१४ नंतरचा हा त्याचा पहिला विजय, आणि तोही अवघ्या एका फटक्याने. या एका उदाहरणातून दोन गोष्टी दिसल्या. चाचणीची यंत्रणा बाधित व्यक्तीला मैदानाबाहेर ठेवू शकत होती, आणि एक माणूस बाहेर राहिला तरी स्पर्धा कोसळत नव्हती.

जुलैच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारने क्रिकेट, फॉर्म्युला वन, स्नूकर आणि गोल्फ यांच्या उच्चस्तरीय स्पर्धांसाठी बाहेरून येणाऱ्यांना विलगीकरणातून सूट दिली आणि २२ जुलैला क्लोज हाऊस येथे पहिला फटका मारला गेला. मे महिन्यात वेळापत्रक जाहीर केले तेव्हा ही सूट हातात नव्हती. सरकारी निर्णयाआधीच तारखा जाहीर करण्यात धोका होता. पण ठोस तारखा, ठरलेली मैदाने आणि लिहून तयार असलेली आरोग्यनियमावली समोर ठेवून सरकारशी बोलणे आणि मोघम विनंती करणे यांत फरक पडतो, आणि तो येथे पडला असावा असे मला वाटते.

आणखी एक निर्णय खेळाच्या दृष्टीने फार चांगला ठरला. पहिल्या पाच ब्रिटिश स्पर्धांची स्वतंत्र छोटी क्रमवारी ठेवण्यात आली आणि तीतील, अन्यथा प्रवेश नसलेल्या, पहिल्या दहा जणांना सप्टेंबरमध्ये विंग्ड फूट येथे होणाऱ्या यूएस ओपनचे प्रवेश मिळाले. बक्षिसे लहान असली तरी पाच आठवडे खेळण्याला एक मोठे ध्येय मिळाले. जागतिक क्रमवारी मार्चमध्ये गोठवली गेली होती आणि अमेरिकेतील खेळ सुरू होताच जूनमध्ये ती पुन्हा चालू झाली, तर युरोपातील खेळाडू आणखी महिनाभर घरीच होते. त्या असमतोलावर हा थोडासा उतारा होता.

ब्रिटननंतर टूर गटागटाने पुढे सरकली: सप्टेंबरमध्ये स्पेन आणि पोर्तुगाल, मग उत्तर आयर्लंड, स्कॉटलंड, वेंटवर्थ, इटली, नोव्हेंबरच्या तोंडावर सायप्रसमध्ये एकाच मैदानावर दोन आठवडे, त्यानंतर दक्षिण आफ्रिकेत तेथील सनशाइन टूरसोबत तीन स्पर्धा आणि डिसेंबरमध्ये दुबईत एकाच संकुलाच्या दोन मैदानांवर दोन स्पर्धा. सायप्रसमध्ये दुसऱ्या आठवड्याला वेगळेपण देण्यासाठी स्वरूपच बदलले. दोन फेऱ्यांनंतर सुमारे बत्तीस जण उरले आणि त्यांचे गुण शून्यावर आले. तिसऱ्या फेरीनंतर सुमारे सोळा उरले आणि पुन्हा शून्यापासून एका फेरीत निकाल लागला. रॉबर्ट मॅकिन्टायरने तो जिंकला.

ही वाट सरळ नव्हती. ब्रिटिश मास्टर्स शनिवारी, २५ जुलैला संपली, आणि त्याच संध्याकाळी ब्रिटनने जाहीर केले की स्पेनहून येणाऱ्यांना मध्यरात्रीपासून चौदा दिवसांचे विलगीकरण लागू होईल. पोर्तुगाल मास्टर्सची पहिली फेरी १० सप्टेंबरला चालू असताना लंडनमध्ये घोषणा झाली की पोर्तुगालच्या मुख्य भूमीवरून येणाऱ्यांची सूट शनिवारी, १२ तारखेला पहाटे चार वाजता संपेल. एकीकडे कट वाचवायचा आणि दुसरीकडे घरी परतल्यावर आपल्याला आणि कुटुंबाला कोणता नियम लागू होईल हे फोनवर विचारायचे, अशा अवस्थेत अनेकांनी तो हंगाम खेळला. ली वेस्टवूडसारख्या अनुभवी खेळाडूने प्रवासाच्या चिंतेमुळे ऑगस्टमध्ये अमेरिकेतील पीजीए चॅम्पियनशिपला जाणेच टाळले.

कार्डांबाबतचा निर्णय साधा होता: २०२० च्या क्रमवारीवरून कोणाचेही कार्ड जाणार नाही, सर्वांचे हक्क २०२१ मध्ये कायम राहतील. वर्षाअखेरीची पात्रता स्पर्धा रद्द करण्यात आली. चॅलेंज टूरवरून आदल्या वर्षी पंधरा जण वर गेले होते. त्या वर्षी तिच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच स्पर्धा झाल्या आणि फक्त पहिल्या पाच जणांना पुढच्या वर्षासाठी काही प्रमाणात प्रवेश देण्यात आला.

परिणाम

खेळाच्या बाजूने पाहिले तर निर्णय यशस्वी ठरला. क्लोज हाऊसवर इटलीचा रेनातो पाराटोरे जिंकला. इंग्लंडच्या सॅम हॉर्सफील्डने तीन आठवड्यांत दोन विजय मिळवले, तर अँडी सलिव्हनने हॅनबरी मॅनरवर सत्तावीस अंडर पारची (मैदानाच्या प्रमाण फटक्यांपेक्षा सत्तावीस कमी) मजल मारली. डेन्मार्कचा कोवळ्या वयाचा रासमुस हॉयगार्ड डिसेंबर २०१९ मध्ये मॉरिशसला जिंकला होताच, ऑगस्टअखेरीस द बेलफ्रीवर प्लेऑफमध्ये त्याने दुसरे विजेतेपद मिळवले. सप्टेंबरमध्ये अमेरिकेचा जॉन कॅटलिन प्रथम स्पेनमधील वाल्देरामाच्या अवघड मैदानावर आणि नंतर आयरिश ओपनमध्ये जिंकला. तो एशियन टूरवर घडलेला खेळाडू होता, आणि तिकडे सर्व दारे बंद असताना येथे त्याला एका महिन्यात दोन विजेतेपदे मिळाली. स्कॉटिश ओपनमध्ये ॲरन रायने टॉमी फ्लीटवूडला प्लेऑफमध्ये हरवले आणि पुढच्याच आठवड्यात टिरेल हॅटन वेंटवर्थला जिंकला. दक्षिण आफ्रिकेच्या क्रिस्टियान बेझाउडनहाउटने घरच्या भूमीवर लागोपाठ दोन आठवडे जिंकले.

छोट्या स्पर्धांची मालिका भरवल्याने संधी विस्तारली, हे या यादीवरून दिसते. एरवी जे आठवडे मोठ्या नावांनी भरले असते, ते पंचविशीच्या आतबाहेरच्या खेळाडूंना मोकळे मिळाले आणि त्यांनी त्यांचे सोने केले.

डिसेंबरमध्ये दुबईच्या अंतिम स्पर्धेत मॅट फिट्झपॅट्रिक जिंकला. वेस्टवूड त्याच्या एका फटक्याने मागे, दुसरा आला, आणि वर्षभराच्या क्रमवारीत किंचित गुणफरकाने पहिला ठरला. २००० आणि २००९ नंतरचे हे त्याचे तिसरे अव्वल स्थान होते आणि वय होते सत्तेचाळीस. मात्र त्या आठवड्यात क्रमवारीच्या शिखरावर बसून दुबईत आला होता अमेरिकेचा पॅट्रिक रीड. त्याच्या गुणांचा मोठा भाग मेक्सिकोतील एका जागतिक स्पर्धेच्या विजयाचा होता. उन्हाळाभर दहा-दहा लाख युरोंच्या स्पर्धा खेळून कोणी कितीही सातत्य दाखवले असते, तरी एखाद्या मोठ्या विजयाच्या गुणांपुढे ते उणेच पडले असते. क्रमवारीचे गणित जुन्या, श्रीमंत वेळापत्रकासाठी बेतलेले होते आणि नव्या वेळापत्रकासाठी ते पुरेसे बदलले गेले नाही.

पैशाच्या बाजूचा परिणाम दूरगामी ठरला. २७ नोव्हेंबर २०२० रोजी युरोपियन टूरने पीजीए टूरसोबत भागीदारी जाहीर केली. अमेरिकन संघटनेने युरोपियन टूरच्या प्रक्षेपण कंपनीत अल्प वाटा घेतला आणि तिच्या प्रमुखाला युरोपियन टूरच्या संचालक मंडळावर जागा मिळाली. साथीशिवायही असा करार कधीतरी झाला असता, असे म्हणता येईल. पण रिकाम्या मैदानांच्या आणि लांबलेल्या रायडर कपच्या वर्षात टूर वाटाघाटीला बसली, तेव्हा तिचे पारडे हलके होते. वर्षभरात दुबईस्थित मुख्य प्रायोजकाचे नाव टूरला देण्याचाही निर्णय झाला आणि २०२२ च्या हंगामापासून ती डीपी वर्ल्ड टूर म्हणून ओळखली जाऊ लागली.

निर्णयांकडे पुन्हा पाहताना

बहुतेक लक्ष जुलैच्या पुनरागमनाकडे जाते, पण माझ्या मते निर्णायक क्षण एप्रिलचा होता. थोडक्या पैशातून कमी आणि श्रीमंत स्पर्धा घ्यायच्या की जास्त आणि साध्या, या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच दिले गेले आणि पुढचे सगळे त्यातून निघाले. सभासदांच्या संघटनेने सभासदांतील अधिकांश लोकांचा विचार केला आणि वरच्या पंधरा-वीस जणांची थोडी नाराजी पत्करली. ते बहुतेक तसेही त्या काळात अमेरिकेत खेळत होते. मला हा निर्णय मनापासून पटतो. रद्द झालेल्या स्पर्धांच्या जागी टूरने स्वतःच्या खिशाला तोशीस लावून स्पर्धा उभ्या केल्या नसत्या, तर कित्येक चांगले खेळाडू त्या वर्षी नोकरीच्या शोधात क्लबांमध्ये शिकवायला गेले असते आणि त्यातले काही परत आले नसते.

कार्ड गोठवण्याच्या निर्णयाबाबत माझे मत इतके एकतर्फी नाही. आतल्यांना तो न्याय्यच होता. प्रवासबंदीमुळे दक्षिण आफ्रिकेतल्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या सभासदाला उन्हाळ्यात युरोप गाठताच आला नाही, तर त्याबद्दल त्याचे कार्ड काढून घेणे चुकीचे ठरले असते. परंतु आतले सर्व आतच राहिले म्हणजे बाहेरचे सर्व बाहेरच राहिले. ज्याने २०१९ च्या पात्रता स्पर्धेत एखाद्या फटक्याने संधी गमावली होती, जो विशी ओलांडून नुकताच व्यावसायिक झाला होता, त्याच्यासाठी कोणती वाट उरली? संघटना सभासदांची असल्याने या माणसाच्या बाजूने बोलणारे बैठकीत कोणीच नव्हते, आणि मला वाटते, निर्णयातील उणीव येथूनच आली.

तीन गोष्टी वेगळ्या करता आल्या असत्या. सहा ब्रिटिश स्पर्धांत प्रत्येकी काही जागा सभासद नसलेल्यांसाठी राखून, त्यांच्यासाठी सोमवारी एक दिवसाची पात्रता फेरी घेता आली असती. बायो-बबलच्या नियमांमुळे ती त्याच मैदानावर शक्य नव्हती, पण जवळच्या दुसऱ्या मैदानावर, चाचणीसह, शक्य होती. दुसरे, ऑस्ट्रियातील संयुक्त स्पर्धांचा नमुना अधिक वेळा वापरता आला असता. सप्टेंबरमध्ये पोर्तुगालमध्ये ओबिदुश येथे झालेली अशीच संयुक्त स्पर्धा दक्षिण आफ्रिकेच्या गॅरिक हिगोने जिंकली आणि तो एका विजयाने थेट टूरवर आला. एका आठवड्यात असे दार उघडू शकते, हे त्या वर्षी सिद्ध झालेले होते. आणि तिसरे, कार्डे गोठवताना ती किती काळ गोठलेली राहतील आणि पात्रता स्पर्धा कोणत्या अटी पूर्ण झाल्यावर परत येईल, हे त्याच दिवशी लेखी सांगता आले असते. एप्रिलच्या पत्रात खेळाडूंशी जो स्पष्टपणा दाखवला गेला, तो सभासद नसलेल्यांच्या वाट्याला आला नाही.

पात्रता स्पर्धा २०२१ मध्येही झाली नाही. तिचा पहिला टप्पा पुन्हा खेळला गेला तो २०२२ च्या शरद ऋतूत. नोव्हेंबर २०१९ मध्ये स्पेनमधील अंतिम कसोटीत अपयशी ठरलेल्या खेळाडूला त्या वाटेने पुन्हा प्रयत्न करायला जवळपास तीन वर्षे थांबावे लागले होते, आणि तोवर ज्या टूरचे दार तो ठोठावत होता तिचे नावही बदललेले होते.